दुसरा व्हिडिओ

इंटरनेटवर एखाद्या बाईला कुणी घाणेरडं बोललं की पहिला सल्ला ठरलेला असतो: लक्ष देऊ नकोस. मग येतो दुसरा, ब्लॉक कर. आणि जरा आवाज खाली करून तिसरा: पण तू तसलं टाकलंसच कशाला? पुण्यात हे सगळे सल्ले मी बंगल्यांत ऐकले आहेत, चाळीत ऐकले आहेत, आणि पोलीस ठाण्याच्या बाकावर शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंकडूनही ऐकले आहेत. सांगणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, हे मला कळतं. तरी या सल्ल्यांचा मला आता मनापासून राग येतो. तो का येतो, ते नीट सांगायचं म्हणून लिहायला बसले आहे.

पर्वतीच्या पायथ्याशी एका वस्तीत समाजमंदिराच्या वरच्या खोलीत अभ्यासिका चालते. शनिवार-रविवारी मी तिथे इंग्रजी शिकवायला आणि अर्ज लिहून घ्यायला जाते. तिथे येणाऱ्या १९ वर्षांच्या एका मुलीने मोबाईलवर छोटे व्हिडिओ करायला सुरुवात केली. विषय एकच, शिष्यवृत्तीचा फॉर्म. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर नाव कसं नोंदवायचं, उत्पन्नाचा दाखला कुठून काढायचा, जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र यांत फरक काय, बँकेचं खातं आधारला जोडलेलं नसलं की पैसे कुठे अडकतात. बोलणं अगदी घरातलं. मध्येच ‘थांबा हां, साइट फिरतीय अजून’ असं म्हणणारं. लांबलांबच्या तालुक्यांतली मुलं खाली शंका विचारायची आणि ही रात्री भांडी आवरून उत्तरं देत बसायची. तिच्या मागे भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो दिसायचा. घरात उजेड पडतो अशी ती एकच भिंत आहे आणि फोटो पहिल्यापासून तिथेच आहे.

त्यातला एक व्हिडिओ खूप फिरला. पहिल्या दिवशी ‘फुकटे’, ‘सरकारी जावई’, ‘आमच्या टॅक्सवर शिकता’ एवढंच आलं. हे तिला नवं नव्हतं. कॉलेजच्या कट्ट्यावरही ती हे ऐकते. दुसऱ्या दिवसापासून भाषा पालटली. ती वाक्यं मी इथे लिहिणार नाही, पण ती कशी बेतलेली होती ते सांगते. आधी जातीचं नाव. मग त्या जातीच्या बायका ‘कशा असतात’ ते. मग तिचा दर. अनोळखी खात्यांवरून आलेल्या कितीतरी कमेंट्स याच क्रमाने लिहिलेल्या होत्या, जणू कुणी घालून दिलेला धडा गिरवावा तशा.

दर विचारण्याची ही खोड मोबाईलबरोबर आलेली नाही. मुरळ्या आणि जोगतिणी म्हणून पोरी कुठल्या घरांतून देवाला सोडल्या जायच्या आणि त्यांच्यावर हक्क कोण सांगायचं, हे महाराष्ट्राला नीट माहीत आहे. याच पुण्यातून शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये ‘सोमवंशीय मित्र’ मासिक काढलं आणि मुरळी सोडण्याच्या चालीवर त्यात झोड उठवली. दलित बाईचं शरीर म्हणजे गावाची सामाईक वस्तू, ही समजूत त्या काळी देवाच्या नावाने चालायची. आता ती मीम म्हणून चालते. म्हणून कुणी ‘पोरं आहेत, टवाळकी करतात’ म्हणालं की मला ते अर्धवट वाटतं. या टवाळकीला पूर्वज आहेत.

तिसऱ्या पायरीला तिचा चेहरा भलत्याच उघड्या फोटोवर चिकटवला गेला आणि एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये तो नंबरासकट टाकला गेला. नंबर तिच्या आईचा होता. सिमकार्ड आईच्या नावावर, फॉर्मच्या शंकांसाठी तोच दिलेला. रात्री बारा-एकपर्यंत फोन वाजायचे. आई सहकारनगरात चार घरची धुणीभांडी करते, पहाटे उठते. फोन बंद करून ठेवण्याची सोय नाही, कारण ‘आज येऊ नका, आम्ही गावाला चाललोय’ किंवा ‘आज लवकर या, पाहुणे आहेत’ हे सगळे निरोप फोनवरच येतात. एक निरोप चुकला तर एक घर जातं. तिने आवाज बंद करून फोन उशीखाली ठेवला, तरी थरथर कळायची. मला हे सांगताना ती शिव्यांबद्दल फारसं बोललीच नाही. ‘ताई, झोप होत नाही हो,’ एवढंच म्हणाली.

मग मामा आले. घरात बैठक झाली. निकाल असा की फोन मुलीकडून काढून घ्यायचा, व्हिडिओ बंद, वर्ष संपलं की स्थळं बघायची.

माझा राग इथे आहे. शिव्या घालणाऱ्यांना काय हवं होतं? ही मुलगी दिसता कामा नये, बोलता कामा नये, इतर मुलांना वाट दाखवता कामा नये. त्यांना तिच्या घराचा पत्ताही माहीत नव्हता. आणि त्यांच्या हाताला जे लागलं नसतं ते काम तिच्या घराने, तिच्यावर जीव असलेल्या माणसांनी, एका संध्याकाळीत पुरं केलं असतं. मामांना मी दोष देत नाही. भाचीवर संकट आलं की दार लावून घ्यायचं, एवढंच त्यांना आयुष्याने शिकवलं आहे. ठाण्यात गेलो तर आपल्यालाच उलट प्रश्न विचारतील, हा त्यांचा अनुभव आहे. पण ‘लक्ष देऊ नकोस’पासून ‘फोन ठेवून दे’पर्यंतचा रस्ता फार छोटा असतो आणि त्या रस्त्यावर आपण सगळेच सल्ले देत उभे असतो.

तिच्यासाठी फोन म्हणजे काय, हेही पाहायला हवं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५७.१ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं, बायकांमध्ये हा आकडा ३३.३ टक्के होता. म्हणजे दर तीन बायकांपैकी दोघी त्या वेळी या जगाच्या बाहेरच होत्या. आत आलेल्यांपैकी एखादी वस्तीतली, हप्त्यावर घेतलेल्या फोनवरून. कॉलेजची नोटीस, परीक्षेचं हॉलतिकीट, भरतीची जाहिरात, तिच्यासारख्या दुसऱ्या मुलींशी ओळख, सगळं त्या एका काचेत. माझ्या घरात फोन गेला तर लॅपटॉप आहे, लॅपटॉप गेला तर शेजार आहे, ओळखी आहेत. तिच्याकडून फोन काढून घेणं म्हणजे तिचं नाव शाळेतून कमी करण्यासारखं आहे.

मीही लिहिते, तेव्हा शिव्या मलाही पडतात. बाई म्हणून पडतात. वयावर, दिसण्यावर, नवऱ्यावर. माझ्या आडनावाला मात्र आजवर कुणी हात लावलेला नाही. माझ्यावर चिडलेला माणूस फक्त माझ्यावर चिडतो. तिच्यावर चिडलेला तिच्या आईवर, आजीवर, वस्तीवर आणि भिंतीवरच्या फोटोवर एकदम तुटून पडतो. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल इंडियाने २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी ९५ महिला राजकारण्यांचा उल्लेख असलेली १,१४,७१६ ट्वीट्स तपासून घेतली होती. दर सातांतलं एक ट्वीट त्रास देणारं किंवा शिवीगाळीचं निघालं. वंचित जातींतल्या स्त्रियांवर जातीवरून होणारी शेरेबाजी इतर स्त्रियांपेक्षा ५९ टक्के जास्त होती, आणि मुस्लिम स्त्रियांवर धर्मावरून वा वंशावरून होणारी इतरांपेक्षा ९४.१ टक्के जास्त. या बायका राजकारणातल्या, नाव आणि पक्ष पाठीशी असलेल्या. वस्तीतल्या मुलीच्या मागे मामा असतात.

कोंढव्यात राहणारी माझी एक मैत्रीण आहे, शिक्षिका. २०२१ च्या जुलैमध्ये आणि पुन्हा २०२२ च्या १ जानेवारीला मुस्लिम बायकांचे फोटो लावून त्यांचा ‘लिलाव’ मांडणारी ॲप्स निघाली, ‘सुल्ली डील्स’ आणि ‘बुल्ली बाई’. पत्रकार, वकील, कार्यकर्त्या, कुणाला सोडलं नव्हतं. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांनी काही दिवसांतच अटका केल्या, पकडलेली पोरं विशीच्या आसपासची, शिकणारी होती. मैत्रिणीचं नाव त्या याद्यांमध्ये नव्हतं. तरी तिने त्या आठवड्यात आपल्या खात्यावरचा स्वतःचा फोटो उतरवून तिथे जास्वंदीचं फूल लावलं. ते अजून तसंच आहे. ती आधी पाककृती आणि शाळेतल्या गमती टाकायची, ते हळूहळू थांबलं. तिला कुणी एक शिवी दिली नव्हती. यादीत नसलेल्या हजारो जणींना यादी बरोबर वाचता आली होती. अटका झाल्या म्हणून ते फूल उतरलं नाही.

तृतीयपंथी व्यक्तींबद्दल तर बोलायलाच कुणी तयार नसतं. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींना सुरक्षारक्षक आणि ग्रीन मार्शल म्हणून कामावर घेतलं, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. अशा बातमीखालच्या कमेंट्स वाचायला बसलं की बरं वाटणं ओसरतं. आणि कायदा काय म्हणतो? २०१९ साली तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांसाठी आलेल्या कायद्याच्या कलम १८ मध्ये शाब्दिक आणि भावनिक छळाचा स्पष्ट उल्लेख आहे, ही चांगली गोष्ट. पण त्याच ओळीत शारीरिक आणि लैंगिक अत्याचारही बसवले आहेत आणि सगळ्यांना शिक्षा एकच, ६ महिने ते २ वर्षं. बाईवर बलात्कार झाला तर कमीत कमी १० वर्षं, तशाच अत्याचाराला इथे जास्तीत जास्त २. हा हिशेब मला मान्य नाही.

आम्ही मुलीला घेऊन ठाण्यात गेलो. कोणत्या, ते सांगत नाही. आई, मी, आणि अभ्यासिकेतल्या दोघी. अंमलदारांनी आधी ‘अर्ज देऊन जा’ म्हटलं. अर्ज आणि गुन्हा यांत किती अंतर असतं, ते ठाण्याची पायरी चढलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. नंतर ‘एनसी घेऊ का’, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, असं विचारलं. आम्ही बसून राहिलो. अखेर एक महिला अधिकारी आल्या, त्यांनी फोन हातात घेऊन सगळं वाचलं, वाचताना त्यांचा चेहरा बदलला. मग त्यांनी विचारलं, ‘हे कशाखाली घ्यायचं? महिलेचं घ्यायचं की ॲट्रॉसिटीचं?’

प्रश्न प्रामाणिक होता. मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात आई म्हणाली, ‘दोन्ही एकाच तोंडातून आलंय की मॅडम.’

एवढं सोपं आहे ते, आणि कागदावर येताना एवढं अवघड. भारतीय न्याय संहितेत १ जुलै २०२४ पासून पाठलागासाठी कलम ७८ आहे, त्यात ऑनलाइन पाठलागही येतो. विनयभंगाच्या शब्दांसाठी कलम ७९ आहे. अश्लील मजकुरासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्यातली ६७ आणि ६७अ ही कलमं. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१६ च्या जानेवारीपासून लागू झालेल्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातीच्या स्त्रीबद्दल लैंगिक स्वरूपाचे शब्द वापरणं हाही वेगळा गुन्हा ठरवला. जातीवाचक शिवी ‘लोकांच्या नजरेसमोर’ दिलेली असावी लागते. इंटरनेट ही अशी जागा आहे का, यावर केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये होय म्हटलं. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये हेही बजावलं की अपमान त्या व्यक्तीच्या जातीवरूनच करण्याचा हेतू दिसायला हवा. आमच्या कमेंट्समध्ये तो शोधावा लागत नव्हता. खरी गाठ वेगळीच होती. या कायद्याखाली आरोपी स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसावा लागतो. बनावट नावाच्या, वाघाचा फोटो लावलेल्या खात्याची जात कोण सांगणार? आधी माणूस सापडायला हवा, त्यासाठी कंपनीकडून माहिती यायला हवी, आणि तोवर फाईल हलत नाही. ती हलवायची तर तिच्यामागे कुणीतरी सारखं जायला लागतं. गुन्हा मात्र शेवटी नोंदला गेला, दोन्हीकडची कलमं लावून, आणि तपास सहायक पोलीस आयुक्तांकडे गेला. शहरात या कायद्याचा तपास किमान त्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. नुसतं हे माहीत असलं तरी ठाण्यात बोलताना आवाज चढा राहतो.

दरम्यान अभ्यासिकेतल्या मुलींनी जे केलं ते मला कुठल्याही कलमापेक्षा मोलाचं वाटतं. त्यांनी पहिल्यांदा एक गोष्ट ठरवली: तिने स्वतः एकही कमेंट वाचायची नाही. फोन तिचा, पण वाचणाऱ्या दुसऱ्या. फुलस्केप वहीत रकाने आखले, तारीख, वेळ, खात्याचं नाव, लिंक, मजकूर. स्क्रीनशॉट घेताना वर तारीख आणि पत्ता दिसला पाहिजे, काही उडवायचं नाही, ब्लॉक करण्याआधी पान जपून ठेवायचं. एकीने सलग स्क्रीन रेकॉर्डिंग केलं. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून ज्या फोनवर हे घेतलं तो फोन विकायचा किंवा रीसेट करायचा नाही, हे त्यांनीच वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवलं. चिकटवलेल्या फोटोसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’ या सोयीचा उपयोग झाला. तिथे फोटो कुणाला पाठवावा लागत नाही, आपल्याच फोनवर त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून तो फोटो रोखतात. चिकटवून बनवलेले फोटोही त्यात चालतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे २०२१ चे नियम आले तेव्हा अशा फोटोंवरच्या तक्रारीनंतर कंपनीने २४ तासांत पावलं उचलायची, अशी मुदत घातली गेली. फोटो उतरला. जातीच्या कमेंट्सबद्दल मात्र ‘आमच्या धोरणाचा भंग होत नाही’ असं छापील उत्तर आलं. कंपन्यांच्या नियमांत जात हा शब्द आहे. ‘सरकारी जावई’ वाचून ज्याच्या पोटात खड्डा पडतो असा माणूस तक्रार वाचायला बसलेला नाही, मराठी तर नाहीच.

वकिलाचा प्रश्न आला तेव्हा आईचा चेहरा उतरला. तिला सांगितलं की १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना कमाई कितीही असो, सरकारी विधी सेवा फुकट मिळते. शिवाजीनगरच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. ती म्हणाली, ‘मग हे कुणी सांगत का नाही?’ मला याचं उत्तर देता आलं नाही.

या शहरात बोलणाऱ्या बाईला गप्प करण्याची गोष्ट निघाली की सावित्रीबाईंवर फेकलेलं शेण सगळ्यांना आठवतं. मला अलीकडे मुक्ता साळवे जास्त आठवते. फुल्यांच्या शाळेत शिकणारी चौदा वर्षांची मातंग मुलगी. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये तिचा निबंध छापून आला. मांग-महारांची दुःखं, त्यांच्या बायकांची बाळंतपणं उघड्यावर कशी होतात तेसुद्धा, तिने थेट लिहिलं. त्यानंतर तिचं काय झालं? तिचा दुसरा लेख आज आपल्या हाती नाही. ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक १८८२ मध्ये पुण्यातच छापलं गेलं, त्यावर टीका झाली, जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये छापील शब्दांत त्यांची बाजू घेतली. दुसरं पुस्तक त्यांचंही आलं नाही. पहिल्या लिखाणाचे आपण उत्सव करतो. दुसरं का आलं नाही, हे विचारत नाही. म्हणून आता कुणी मला विचारलं की ऑनलाइन छळाच्या प्रकरणात न्याय झाला हे कशावरून ओळखायचं, तर मी अटका मोजत नाही. ती पुन्हा बोलली का, एवढंच बघते.

ती बोलली. महिनाभर गेला, मामांची समजूत काढायला आई स्वतः गेली, मी गेले नाही. ते माझं काम नव्हतं. नवा व्हिडिओ उत्पन्नाच्या दाखल्यावर होता आणि त्यात ती जरा भरभर बोलत होती. मागची भिंत तीच, फोटो तोच. कुणीतरी सुचवलं होतं की फोटो चौकटीबाहेर ठेव. तिने ठेवला नाही. नंबर आता अभ्यासिकेचा दिला जातो आणि कमेंट्स वाचायच्या पाळ्या लावल्या आहेत.

एका मुलाबद्दल सांगायचं राहिलं. तो याच अभ्यासिकेत पोलीस भरतीची तयारी करतो, आणि ज्या ग्रुपमध्ये तो फोटो आणि नंबर टाकला गेला त्या ग्रुपमध्ये तो होता. त्याने काही टाकलं नव्हतं. हसण्याच्या खुणा टाकणाऱ्यांत तो नव्हता, थांबवणाऱ्यांतही नव्हता. ग्रुप सोडून बाहेर पडता आलं असतं, आणि बहुतेक भली मुलं तेवढंच करतात. तो आत राहिला, टाकणाऱ्यांचे नंबर आणि वेळा दिसतील असे स्क्रीनशॉट घेतले आणि रविवारी वर्ग संपल्यावर मला दाखवायला थांबला. त्याला भीती एकच होती: नाव केसमध्ये आलं तर भरतीच्या चारित्र्य पडताळणीत अडकेन का? साक्षीदार आणि आरोपी यांतला फरक मी त्याला समजावला. साक्षीदाराच्या संरक्षणाची तरतूद अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १५अ मध्ये आहे, ते त्याने स्वतः वाचून घेतलं. घरून विरोध झाला. वडील म्हणाले, त्यांची पोरगी, त्यांची भानगड, तू कशाला मध्ये?

अनोळखी खात्यांमागची माणसं अजून सापडलेली नाहीत. ग्रुपातली मात्र अनोळखी नव्हती. त्याचा जबाब नोंदवून झाला आहे. त्यात त्याने चौघांची नावं दिली आहेत आणि त्यातले दोघं त्याच्याबरोबर पहिलीपासून एका बाकावर बसत आले आहेत.